वाडग्यातलं काळं कडं

"वहिनी, त्यात खायचं नका ठेवू. त्यात आई आहे," असं शंतनू म्हणाला तेव्हा माझ्या तोंडात फुटाणे होते. अर्धे चावलेले, लाळेत कालवलेले, गिळायच्या बेतात. माझी बायको नीरजा चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. शंतनू माझा धाकटा भाऊ. पडेगावहून गारखेड्यापर्यंत भर उन्हात स्कूटर हाणत आलेला, कपाळावर हेल्मेटचा वळ, आणि टीपॉयवरच्या लाकडी वाडग्याकडे बोट करून हे वाक्य त्यानं असं टाकलं, की जणू गॅसवर दूध आहे एवढंच सांगायचं होतं. मला वाटलं, नेहमीचंच काहीतरी भावुक असेल. आईनं लावलेल्या जास्वंदीला फूल आलं की हा मला फोन करून सांगतो, आईनं आज फूल दिलं, आणि मी हं म्हणून फोन ठेवतो. पण या वेळी त्यानं पुढं सविस्तर सांगितलं. वाडग्याच्या काठाखाली जे काळं कडं आहे, दगडाची भुकटी भरून केलेलं, तो दगड साधासुधा नाही. तो आईचा अश्मा आहे. मी उठून बेसिनपाशी गेलो आणि थुंकलो. चूळ भरली, पुन्हा थुंकलो, बोट घालून दाढेमागचं काढलं, पुन्हा चूळ भरली. आरशात माझं वाकडं झालेलं तोंड दिसत होतं आणि खालच्या ओठाला फुटाण्याचं एक साल चिकटलेलं होतं. शिसारी म्हणतात ती पोटातून निघते, मानेमागून वर चढते आणि दातांवर येऊन बसते. बाहेर नीरजा शंतनूला साखर किती घालू म्हणून विचारत होती.

अश्मा म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं, म्हणून सांगतो. चितेला अग्नी देणारा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरतो, तेव्हा त्या मडक्याला भोक पाडायला स्मशानातलाच एक दगड उचलतात. तो अश्मा. पुढं दहाव्यापर्यंत गेलेलं माणूस म्हणजे तोच. त्याच्यावर तीळ सोडायचे, पाणी सोडायचं, आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की त्याला तेल लावून खोल पाण्यात सोडून द्यायचा. तोवर त्याला घराच्या उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. आवारात झाडाला फडक्यात बांधून टांगतात. आता हा दगड, जो उंबऱ्याच्या आत येऊ नये म्हणून पिढ्यान्पिढ्या माणसं जपत आली, तो होळीपासून माझ्या दिवाणखान्यात होता. त्यात मी फुटाणे खात होतो. बातम्या बघत, पाय वर घेऊन, मूठ भरून. फुटाणे संपले की तळाला मीठ-हळद राहते, ती मी बोटानं गोळा करून चाटायचो, आणि ते बोट काठाखालून गोल फिरवत आणायचो, कारण त्या कड्याचा गुळगुळीतपणा बोटाला बरा वाटायचा. हे आठवलं आणि मी ते बोट साबणानं धुतलं. मग दुसरी बोटंही धुतली. साबण लहान झाला तरी बोटाचं काही समाधान होईना.

वाडगा सुरेख होता, ते मी नाकारत नाही. वाळूजच्या कंपनीत माझी सगळी नोकरी लोकांनी बनवलेल्या वस्तू नापास करण्यात गेली. लेथवरून आलेला भाग हातात घ्यायचा, मापाचा काटा लावायचा आणि केसभर फरक निघाला की बाजूला फेकायचा. शंतनूनं वाडगा आणून दिला तेव्हाही मी सवयीनं तो टीपॉयवर गरकन फिरवून पाहिला, आणि तो एवढासुद्धा डुगडुगला नाही. शंतनूनं टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आईजवळ पडेगावच्या घरी बसून लाकूड फिरवायचा लेथ घेतला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकला. मी त्याला हसत होतो. म्हटलं, लाटणी पोळपाट कर, गुलमंडीत विकू. पण हा वाडगा हसण्यासारखा नव्हता. दौलताबाद रोडवरची एक जुनी चिंच पडली, तिचा बुंधा त्यानं वखारीतून आणला होता. पिवळट लाकूड, आत तपकिरी रेघा. बाहेरून गोलाई काढायची, मग काठाखाली चहूबाजूंनी एक खाच पाडायची, त्या खाचेत दगड कुटून भरायचा, वरून झटक्यात सुकणारा पातळ गोंद सोडायचा, आणि सुकलं की पुन्हा लेथवर चढवून दगड आणि लाकूड एका पातळीला आणायचं. काळ्या कड्याच्या वर आणि खाली त्यानं पांढरी बारीक रेघ भरली होती, ती वेरूळला लेण्यांबाहेर फेरीवाले कापसात ठेवून चमचमणारे दगड विकतात त्यांची. मी विचारलं, आणि हा काळा कुठला? तेव्हा तो म्हणाला, इथलाच. मग म्हणाला, जवळ ठेव दादा, देवाजवळ ठेवलास तरी चालेल. देवाजवळ लाकडी वाडगा कशाला ठेवायचा, म्हणून नीरजानं आधी त्यात मोगरा ठेवला, मग किल्ल्या, आणि मग फुटाणे.

मला घाण वाटते. लहानपणापासून वाटते, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही, कारण ते मी आईकडून घेतलं आहे. आमच्या घराण्यात पूर्वी वेरूळला अभिषेक सांगायचे. ते कधीच सुटलं, आजोबा कचेरीत कारकून झाले, पण आईनं सासरचं सोवळं हातचं सोडलं नाही. तिच्या तोंडी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा जो शब्द यायचा तो 'शी'. उष्टं हे तिला डोळ्यांनी दिसायचं. भांड्याला ओठ लागला की ते भांडं तिच्या लेखी वेगळं व्हायचं, वाटीतला चमचा तोंडातून परत वाटीत गेला की ती वाटी बाजूला व्हायची, आणि एस्टीच्या प्रवासात ती स्वतःचा तांब्या मांडीवर घेऊन बसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. शाळेतून आलो की दारातच उभं राहायचं, ती पायावर पाणी घालणार, मग आत. शंतनू मात्र तिला दाद द्यायचा नाही. शेजारच्या पोराच्या तोंडातली गोळी काढून स्वतः खायचा, कुत्र्याच्या पिलाला उराशी धरून झोपायचा, आणि आई त्याला न्हाणीत उभं करून घासताना मला दाराशी उभं असलेलं बघायची आणि नुसती मान हलवायची. त्या मान हलवण्यात मी आणि ती एका बाजूला असायचो. शंतनूच्या वाट्याला तिचे हात यायचे, ओरडा यायचा, टॉवेल यायचा. माझ्या वाट्याला ती मान यायची, आणि मला ती पुरायची. अजूनही कुणी चहाच्या कपात बिस्कीट बुडवून ते गळून तळाशी गेलेलं चमच्यानं काढून खाल्लं की माझ्या तोंडून जो आवाज निघतो तो तिचा असतो.

आणि तिच्याच नशिबी ते शेवटचं वर्ष यावं. खाटेवर, प्लास्टिकच्या चादरीवर, दर दोन-चार तासांनी कुणीतरी उलटंपालटं करणार. शंतनू करायचा. बाई ठेव म्हटलं तर म्हणायचा, बाईसमोर तिला लाज वाटते. मी रविवारी जायचो. खोलीत शिरलं की डेटॉल, ओलं अंथरूण आणि खाली दबलेला तो गोडसर वास एकदम अंगावर यायचा, आणि मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचो, कारण तिथं वारा यायचा. शंतनू तिच्या तोंडात भात भरवायचा, तो ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायचा, हा तो बोटानं टिपायचा आणि तेच बोट स्वतःच्या शर्टाला पुसायचा. माझं तोंड वाकडं व्हायचं. आणि मला दिसायचं की तिचंही होतंय. तिला स्वतःची किळस येत होती. शंतनू तिचं सगळं करून हसत बाहेर जायचा, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करायची. एका रविवारी तो दूध आणायला गेलेला असताना तिनं मला हाक मारली. खुर्ची पुढं ओढून बसलो, तर म्हणाली, एवढ्या जवळ नको, वास येतो. मग म्हणाली, "मला नीट पोचव, मुकुंदा. मागं काही ठेवू नका, चिंधीसुद्धा नको. शंतनूला नाही कळायचं, त्याला कशाचीच घाण वाटत नाही. तुला वाटते." तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली एवढी एकच गोष्ट. शंतनूकडे तिनं पाणी मागितलं, कूस बदलायला मागितली, औषध मागितलं, सगळं मागितलं. हे मला मागितलं. ती गेल्यावर तिच्या साड्या, गादी, औषधं, चष्मा, काठी, सगळं मी स्वतः उभं राहून काढलं. शंतनू काठीसाठी घुटमळला, तर मी ती त्याच्या हातातून घेतली.

दहाव्याला कायगावला नदीवर मीच तो दगड सोडला. अतुल गुरुजींनी फडकं सोडून दगड माझ्या हातात दिला, मी त्याला तेल लावलं, पाण्यात कमरेपर्यंत उतरलो आणि होता नव्हता तेवढा जोर लावून लांब फेकला. डुबुक झालं आणि पाणी परत सारखं झालं. त्या क्षणी मला इतकं स्वच्छ वाटलं की काय सांगू. वर्षभराचा तो वास नाकातून गेला. खाट गेली, चादर गेली, ओठाच्या कोपऱ्यातला भात गेला, आणि ती परत दारात पायावर पाणी घालणारी, कोरड्या काठाच्या साडीतली, ताठ बाई झाली. आता शंतनू माझ्या सोफ्यावर बसून चहा पीत मला सांगत होता की तो दगड त्यानं दहाव्याच्या सकाळी झाडावरून फडकं काढतानाच बदलला होता. आवारातलाच दुसरा घातला. काळा दगड काय, आपल्याकडे सगळीकडे तोच. पण तोपर्यंत रोज पाणी खऱ्यावरच पडत होतं दादा, असं वर म्हणाला, म्हणजे माझं काही नुकसान होऊ दिलं नाही अशा सुरात. म्हणजे मी कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून, नाव-गोत्र उच्चारून, पडेगावच्या आवारातला कुठला तरी धोंडा पोचवला. आणि जिला पोचवायचं ती माझ्या टीपॉयवर, टीव्हीच्या रिमोटशेजारी, फुटाण्यांच्या खाली. मी शंतनूला विचारलं, की अरे ठेवायचाच होता तर तुझ्याकडे ठेवायचा, माझ्या घरात कशाला आणून घातलास. त्यानं कप खाली ठेवला.

"तुझ्याकडे तिचं काहीच नव्हतं, दादा," तो म्हणाला. "माझ्याकडे ती इतकी वर्षं अख्खी होती."

मला खरं तर त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता. त्याचा तो समंजस चेहरा, नखांत बसलेला लाकडाचा भुसा, चहा फुरकायची सवय, सगळ्याची मला किळस आली. प्रेम म्हणतात ते असं लिबलिबीत असतं का, की माणसाला नीट मरूही देऊ नये, त्याला कुटून, गोंद लावून, पॉलिश करून भावाला भेट द्यावं. नीरजा मध्ये पडली. तिचं म्हणणं, झालं ते झालं, फडक्यात गुंडाळून वरच्या कपाटात ठेवू. आणि मग तिला राहवलं नाही. जिवंतपणी सासूबाई या घरात आठ दिवस राहिल्या नाहीत, आपल्या फ्रीजमध्ये अंडी असतात म्हणून, आता राहिल्यात तर राहू द्या, असं म्हणाली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कडूबाई, आमच्याकडे भांडी घासायला येते ती, पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. वाडग्याकडे बघत, घाबरून म्हणाली, "म्या तर रोज घासनीनं घासत व्हते त्येला, बाई. तारंच्या." मी परत बेसिनकडे गेलो, पण या वेळी काही निघालं नाही, नुसतेच उमासे.

अतुल गुरुजींना फोन लावला. ते कुठल्या तरी वास्तुशांतीला निघालेले, गाडीत होते. मी जे सांगितलं ते त्यांनी दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाले, असं उदाहरण आजवर पाहण्यात नाही, पण तोड असते, तोड असतेच. दगड पाण्यात गेला पाहिजे, मग तो अख्खा असो की चूर्ण. नाव-गोत्र उच्चारून सोडा, मन स्वच्छ ठेवा. मी म्हटलं, वाडग्यासकट सोडला तर? चालेल म्हणाले आणि त्यांचा फोन तुटला. पण वाडगा लाकडाचा. तो बुडणार नाही. तो तरंगत कुठंतरी काठाला लागणार, कुणीतरी चांगली वस्तू म्हणून उचलणार, आणि मग कुठल्या तरी ढाब्यावर आईत चिरलेला कांदा ठेवतील. दगड बांधून बुडवू म्हटलं तर सुतळी कुजणार. जाळू म्हटलं तर दगड जळत नाही, आणि हातोडीनं फोडला तर लाकूड फुटेल, पण दगड गोंदासकट त्याला धरून बसेल. हे सगळं मी शंतनूसमोर मोठ्यानं बोललो. त्यानं वाडगा उपडा करून तळ पाहिला आणि म्हणाला, लेथवरच निघेल. कुठल्याही खराब भागाबद्दल फोरमन सांगेल इतक्या साधेपणानं म्हणाला. मी वाडगा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. शंतनू स्कूटर आमच्याकडेच सोडून माझ्याबरोबर गाडीत बसला.

पडेगावचं घर मी दहाव्यानंतर पाहिलं नव्हतं. आईच्या खोलीचं दार उघडंच होतं, खाट नव्हती, आणि तरी मला वास आला. शंतनूचा लेथ मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. आत उकाडा, गोंदाचा डोळ्यांत जाणारा वास, जवसाच्या तेलाच्या चिंध्या, आणि कोपऱ्यात आईचा लोखंडी खलबत्ता. दात गेल्यावर याच खलबत्त्यात हा तिला शेंगदाणे कुटून द्यायचा. मी विचारलं नाही, पण त्यानं माझी नजर बघितली आणि हो म्हणाला, त्यातच कुटला. कुटायला पुष्कळ दिवस लागले, फार कठीण निघाला. मी लेथच्या आजूबाजूला आणि मागच्या भिंतीला नवी कोरी प्लास्टिकची ताडपत्री बांधली, वाटेत मुद्दाम थांबून आणलेली. कण न् कण खाली पडला पाहिजे आणि गोळा झाला पाहिजे. वाडग्याच्या तळाला पकडीसाठी खाच ठेवलेली होती, त्यानं तो लेथच्या चकच्या जबड्यात चढवला, हातानं एकदा फिरवून पाहिला. अजूनही तो एवढासुद्धा हलत नव्हता. मग त्यानं खिळ्यावरचा मास्क काढून माझ्यापुढं धरला. रबरी, दोन बाजूंना दोन गोल डब्या असलेला. "लाव, दादा. बारीक धूळ असते," म्हणाला. मी आत पाहिलं. हनुवटीच्या जागी पिवळट झालेलं, नाकाच्या जागी ओलसर, कडेला एक पिकला मिशीचा केस. त्याचा श्वास, त्याची लाळ, महिनोन् महिने. मी म्हटलं, नको, तुझा तूच घाल. एकच आहे, तो म्हणाला. मी म्हटलं, नको म्हटलं ना. त्यानं तो स्वतःच्या तोंडावर चढवला, आणि मी ताडपत्रीचं टोक धरून लेथच्या अगदी जवळ, वाकून उभा राहिलो, कारण लांबून मला दिसलं नसतं.

लाकूड कापलं जातं तेव्हा आवाज मऊ असतो. दगडाला पटाशी लागली आणि जे करकरलं ते माझ्या दाढांत गेलं. शंतनू हलके हलके घेत होता. आधी वरची पांढरी रेघ गेली, मग काळं कडं उगाळलं जाऊ लागलं, आणि पटाशीच्या टोकापासून एक काळा झोत निघून ताडपत्रीवर, माझ्या मनगटांवर, शर्टाच्या बाह्यांवर पडू लागला. पटाशीची धार गेली की तो मशीन थांबवायचा, दुसरी घ्यायचा. थांबला की शेडमध्ये धूळ तरंगताना दिसायची, उन्हाच्या तिरिपीत वरखाली होणारी. मी तोंड मिटून घेतलं होतं. मला आत किळस चढत होती आणि तिच्या खाली एक समाधानही होतं, की आता ती निघतेय, कुणाच्या तरी भावनेच्या गोंदातून सुटतेय, दाण्यादाण्यानं. शेवटी काळं संपलं आणि खालचं पिवळं लाकूड दिसलं, तरी मी त्याला आणखी दोनदा फिरवायला लावलं. बोटानं चाचपलं. वाडग्याचा काठ गेला होता, पोट गेलं होतं, उरली होती एक उथळ, वेडीविद्री ताटली. शंतनूनं मास्क खाली ओढला, तेव्हा त्याच्या तोंडाभोवती तेवढी जागा स्वच्छ होती आणि बाकी चेहरा राखेचा. ती ताटली हातात घेऊन तो ती पुसायला लागला. मी म्हटलं, जाळ. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मागं काही ठेवायचं नाही, तिनं सांगितलंय, तुला नाही, मला सांगितलंय. हे मी त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा सांगितलं. काय काय म्हणाली, त्यानं विचारलं. त्याला कशाचीच घाण वाटत नाही, हे तिचं वाक्यही मी त्याला ऐकवलं, आणि मला ऐकवताना बरं वाटलं. मग त्यानं आवारात चार काटक्या गोळा केल्या आणि माझ्यासमोर ती ताटली जाळली.

ताडपत्री झटकून, हातांवरचं, बाह्यांवरचं, मशीनच्या फटींतलं सगळं ब्रशनं ओढून मी एका नव्या पिशवीत भरलं. शर्ट तिथंच बदलला. वाळूजवरून कायगावला पोचेपर्यंत दुपार कलली होती. घाटावर तेच सगळं. भिजून फुगलेला भात, पिठाचे गोळे, न्हाव्यानं उतरवलेले केस पायऱ्यांच्या कोपऱ्यात साचलेले, झेंडूच्या माळा, गुटख्याच्या पुड्या, आणि त्यातूनच एक कुत्रं भात हुंगत फिरत होतं. शंतनू वरच्या पायरीवर बसला, खाली येणार नाही म्हणाला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो, नाव घेतलं, गोत्र घेतलं, आणि पिशवी पाण्याखाली धरून उघडली. काळं खाली गेलं. भुसा वर आला आणि काठाच्या फुलांत, फेसात जाऊन अडकला, पण तो भुसा होता, त्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पिशवी उलटी करून मी ती आतून विसळली. दुसऱ्यांदा विसळली. आता ती ताठ बाई परत येईल, वास जाईल, पाणी सारखं होईल, म्हणून मी उभा राहिलो. पाणी सारखं झालंही. मी पायऱ्या चढून वर आलो, शंतनूच्या शेजारी उभा राहिलो, आणि त्याला म्हटलं, झालं. तो म्हणाला, झालं.

आणि माझ्या नाकात हुळहुळलं. एक शिंक आली, मग दुसरी, मग अशा लागोपाठ आल्या की डोळ्यांतून पाणी आलं. खिशातून रुमाल काढला, नीरजानं इस्त्री करून ठेवलेला, पांढरा, आणि नाक शिंकरलं. शिंकरल्यावर रुमाल उघडून बघणाऱ्या माणसांचा मला मनस्वी तिटकारा आहे. मी उघडून पाहिलं. शेंबडात काळं होतं. लाकडाचं तपकिरी नव्हे, काळं, बारीक, दाणेदार, आणि बरंच. जिभेवर कचकच लागली ती मघापासून होती, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे घशात होती, आणखी कुठं कुठं गेली असेल, छातीत, पोटात, जिथून आता कुणीही लेथ लावून काढू शकणार नव्हतं. शंतनूनं रुमाल पाहिला. त्याच्या नाकाला काही झालं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "पाणी समोर आहे, दादा. सोडून दे."

बरोबर होतं त्याचं. चार पायऱ्या खाली पाणी होतं, नाव-गोत्र मला पाठ होतं, आणि चिंधीसुद्धा मागं ठेवू नका म्हणून तिनं सांगितलं होतं, ते मला सांगितलं होतं. मी दोन पायऱ्या उतरलोही. तिथं उभं राहून रुमालाकडे बघत होतो. इतकी घाण मी आयुष्यात हातात धरली नव्हती. तोंडाला पाणी सुटत होतं, आणि आई, असं मी म्हणालो की नुसतं मनात आलं, ते मला माहीत नाही. मी ओली बाजू आत घेऊन रुमालाची घडी घातली. त्यावर आणखी एक घडी घातली. खिशात ठेवला आणि वरून हात ठेवला. घरी येईपर्यंत त्याची ओल मांडीला लागत होती. रात्री कपडे मशीनला लावताना नीरजानं विचारलं, की सकाळी दिलेला रुमाल कुठं आहे.

"पडला कुठंतरी," मी म्हणालो.